अठ्ठ्याहत्तर फेरे

टॉडमॉर्डनच्या पोलिसांनी मला एक फाइल पाठवली :
एकोणीस मिनिटं, चार सेकंद.
सोबत सार्जंट ड्युहर्स्टची चिठ्ठी –
‘गाणं सोडून बाकी सगळं ऐका.’

माझं कामच ते.
लीड्समध्ये, बंद पडलेल्या एका बँकेच्या तळघरात बसून
जुन्या तबकड्यांवरची खरखर मी निवडते,
तांदळातले खडे निवडावेत तशी.

नॉर्मन बॅराक्लफ, वय एकाहत्तर,
कालव्याकाठच्या घरात, खुर्चीतच गेलेला.
समोर भोंग्याचा ग्रामोफोन. पुस्तकांच्या फटीत माइक, चालू.
का लपवला होता, ते नॉर्मनलाच ठाऊक.
तबकडी तेवढी गायब.

ती तबकडी म्हणजे पन्नास वर्षांची अफवा.
एल्फ्रिडा नावाची विणकरीण, एकच गाणं, एकच प्रत.
मग कंपनी बुडाली, गिरणी बुडाली.
लाखेची तबकडी. लाख कुठली? आपल्याकडच्या पळसावरची,
किड्यांनी गाळलेली, बोटीत बसून इथवर आलेली.
तिला परवा कुणी लाख पौंड बोललं होतं.
लाखेचं घर कसं पेटतं
ते मला कुणी सांगायला नको.

हेडफोन चढवला.
आधी नुसती सुई. मग ती.
जरा नाकात गाते. मागे पियानो, त्याची एक पट्टी मेलेली :
दर ओळीत त्या जागी ठेच.
दुसऱ्या कडव्यात दार. नॉर्मन म्हणतो, “चहा घेशील?”
तिसऱ्यात खुर्ची कुरकुरते.
मग उशी.
उशीला आवाज नसतो म्हणतात.
असतो. कणीक तिंबल्यासारखा.
बाई गातच राहते.

गाणं संपतं. सुई आतल्या रिकाम्या खाचेत फिरते
टक् टक् टक्
मिनिटाला अठ्ठ्याहत्तर. मग सत्तर. मग साठ.
चावी उतरत चाललेली,
आणि कुणीतरी नुसतं उभं.
एकशे एक्याण्णव फेरे मोजले मी.
मग सुई उचलली जाते.
हिसकून नाही –
झोपलेल्या तान्ह्याच्या मुठीतून बोट सोडवावं तशी.
तबकडीवर एक फुंकर. कागद. दार.

पुन्हा ऐकलं. सातव्या खेपेला सापडलं :
तिसऱ्या कडव्यात, उशीच्या जरा आधी,
मेलेल्या पट्टीच्या जागी
कुणीतरी तो सूर गुणगुणतं.
नॉर्मन नव्हे. नॉर्मनचा घसा बसका.

ड्युहर्स्टला फोन केला. म्हटलं, चोर शोधू नका.
जे गाणं जगात कुणी ऐकलंच नाही
ते ज्याला पाठ आहे, तो शोधा.

गाय पेंडलबरी. नॉर्मनचा दोस्त.
बर्नलीतल्या एका मेलेल्या बाईच्या माळ्यावर
दोघांना मिळून सापडली होती ती, चाळीस वर्षांपूर्वी.
नाणं उडवलं होतं म्हणे. छापा नॉर्मनचा.

पुढचं मी अहवालात वाचलं.
स्टूडली पाइकचा चढ, धुकं, कुत्रे, टॉर्च,
आणि कोटाच्या आत तबकडी धरून
पळणारा एक सडसडीत म्हातारा.
घसरला. हात टेकले असते तर निभावलं असतं.
हात तबकडीवर होते.
बरगड्या तीन. तुकडे सात.

आता ते गाणं फक्त माझ्याकडे आहे,
नॉर्मनसकट.
ओहायोहून एकजण रोज विचारतो :
‘तेवढं कडवं स्वच्छ करून मिळेल का? किंमत तुम्ही सांगा.’
येतं मला ते. उशी पुसता येते.
काल रात्री पुसून पाहिली.
बाई निखळ गायली, जशी त्या दिवशी गायली असेल,
आणि मी डोळे मिटून बसले होते.

मेलेल्या पट्टीपाशी
कुणीतरी तो सूर लावला.

फाइल तर मी साफ केली होती.
हेडफोन काढला.
माझेच ओठ.